वेल्डिंग मशिनमधला जळालेला एमओव्ही बदलताना : नव्या कारागिरासाठी

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात दिवसभर तापलेल्या आभाळात संध्याकाळी ढग जमतात, वावटळ सुटते, सातपुड्याकडे वीज चमकते आणि लाईट जाते. तासाभराने ती परत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दुकानासमोर मोटारसायकलला दोरीने बांधलेली वेल्डिंग मशिनं उतरू लागतात. कोणी यावलचा ग्रिलवाला असतो, कोणी पारोळ्याचा ट्रॉली बांधणारा, कोणी जळगाव एमआयडीसीतला मेंटेनन्सवाला. तक्रार बहुतेकांची सारखीच : "भाऊ, लाईट आली तसा आत फटाका वाजला."

कव्हर उघडलं की वायर आत येते त्या जागेजवळ एक निळी चकती तडकलेली दिसते, भोवती काजळी. हाच मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, म्हणजे आपल्या बोलण्यातला एमओव्ही. त्याची किंमत दोन कप चहाएवढी. बदलायला अर्धा तास पुरतो. काम इतकं सोपं दिसतं म्हणूनच ते घाईत केलं जातं, आणि तेच मशीन महिन्याभरात आयजीबीटीसकट (करंट झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या आतल्या महाग भागासकट) जळून परत येतं. आयटीआय करून नुकतंच दुकान टाकलेल्या, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरता येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

आधी तो करतो काय ते समजून घ्या

एमओव्ही म्हणजे झिंक ऑक्साइडचे बारीक कण दाबून, भाजून केलेली चकती. मशिनच्या इनपुटला दोन तारांच्या मध्ये तो आडवा बसलेला असतो. रोजच्या व्होल्टेजला त्यातून जवळजवळ काहीच करंट जात नाही. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर उसळलं की तो क्षणात वाहू लागतो आणि ती उसळी स्वतःवर घेतो. उसळी ओसरली की परत गप्प. आपल्या पांझरेवरच्या फड बंधाऱ्यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांडवा आठवावा. जास्तीचा लोंढा सांडव्यावरून निघून जातो आणि पाटातलं पाणी पाटाच्या मापात राहतं.

पण हा सांडवा काही मायक्रोसेकंदांच्या लोंढ्यासाठी बांधलेला आहे. जवळपास वीज पडणं, लाईनवर मोठा भार तुटणं, डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) स्विचिंग होणं, अशा प्रसंगी येणारी उसळी तो खातो. व्होल्टेज मिनिटभर जरी सलग चढलेलं राहिलं तरी तो तापतो, आतून शॉर्ट होतो आणि फुटतो. म्हणून फुटलेला एमओव्ही हातात आला की तो उसळीने गेला की चढलेल्या व्होल्टेजने, हे आधी शोधायचं. पुढचं सगळं काम त्या उत्तरावर अवलंबून आहे.

पहिली पायरी : गिऱ्हाइकाला विचारा, मग स्क्रू काढा

मी मशीन बाकावर घेण्याआधी तीन प्रश्न विचारतो. मशीन तेव्हा चालू होतं की नुसतं प्लगला लावलेलं होतं? गल्लीतले बल्ब, पंखे, टीव्हीचे सेटटॉप बॉक्स त्याच वेळी गेले का? मशीन जनरेटरवर होतं का?

दुसऱ्या प्रश्नाला "हो, शेजारच्यांचेही बल्ब उडाले" असं उत्तर आलं तर बहुधा झिरो तुटलेला असतो. थ्री फेज लाईनचा न्यूट्रल डीपीवर किंवा खांबावर सुटला की सिंगल फेजवरच्या उपकरणांना २३० व्होल्ट मिळत नाहीत. ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज चढत जातं आणि वाईटात वाईट वेळी ४१५ च्या जवळ पोहोचतं. कोणताही २३० व्होल्टचा एमओव्ही यापुढे टिकत नाही. तिथे नवा एमओव्ही घालून मशीन परत देणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. आधी वर्कशॉपच्या बोर्डवर तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजायला सांगा. एकावर १७० आणि दुसऱ्यावर २८० दिसत असतील तर मशीन प्लगला लावायचंच नाही. महावितरणच्या लाईनमनला बोलावून जोड पक्का करून घ्यायचा. आणि जिथे हे वारंवार होतं तिथे इनपुटला ओव्हर-अंडर व्होल्टेज कटआऊट बसवायचा, कारण सलग चढलेल्या व्होल्टेजवर उपाय तोच आहे.

दुसरी पायरी : कपॅसिटर रिकामे करा

ही पायरी वगळणाऱ्याने या धंद्यात राहू नये. मी हे कठोरपणे म्हणतो, कारण माझ्यासोबत शिकलेल्या एकाचा हात यातच भाजला.

इन्व्हर्टर मशिनमध्ये २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांच्या जोडणीतून) जाऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि त्या डीसी लाईनवरच्या, म्हणजे बसवरच्या, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. ४७० मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर पॅरललमध्ये धरले तर साठलेली ऊर्जा जवळजवळ १०० ज्यूल होते. ४१५ व्होल्टच्या थ्री फेज मशिनमध्ये बस ५८५ व्होल्टच्या आसपास असते. नुसता एमसीबी पाडून भागत नाही. प्लग उपटा, तो डोळ्यांसमोर ठेवा, पाच मिनिटं थांबा. मग होल्डरला लावलेल्या १०० वॅटच्या साध्या बल्बच्या तारा बसवर टेकवून कपॅसिटर रिकामे करा. थ्री फेज मशीन असेल तर दोन बल्ब सिरीजमध्ये घ्या. शेवटी मीटर डीसीवर ठेवून मोजा. पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत घालू नका. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून फटाका वाजवण्याची पद्धत कपॅसिटरही खराब करते आणि डोळेही.

तिसरी पायरी : निळी दिसते ती प्रत्येक चकती एमओव्ही नसते

नव्या मुलांची सर्वात जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

इनपुटजवळ तीन प्रकारच्या चकत्या असतात. एक एमओव्ही. दुसरी वाय कपॅसिटरची. तीही निळी, तीही गोल, आणि फेज किंवा न्यूट्रलपासून बॉडीकडे म्हणजे अर्थकडे जोडलेली. तिसरी एनटीसी थर्मिस्टरची (चालू करतानाचा करंटचा झटका अडवणारा भाग), बहुधा काळी किंवा हिरवट, आणि ती तारेच्या मार्गात सिरीजमध्ये बसते.

आता छापलेले आकडे वाचा. एमओव्हीवर १४डी४७१के असं काही असतं. १४ म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४७१ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्ट. एक मिलिअँपिअर करंट वाहू लागतो ते हे व्होल्टेज. के म्हणजे त्यात दहा टक्के कमी-जास्त. पण सिरॅमिक कपॅसिटरवरही ४७१के छापलेलं असू शकतं, आणि तिथे त्याचा अर्थ ४७० पिकोफॅरड होतो. ४७२एम दिसलं तर तो ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटरवर वाय१, वाय२, एक्स१ असे वर्ग आणि सुरक्षा संस्थांच्या खुणा दाटीने छापलेल्या असतात. एनटीसीवर ५डी-९ किंवा १०डी-११ असं लिहिलेलं असतं. तिथला पहिला आकडा ओहम आणि दुसरा व्यास.

वाय कपॅसिटरच्या जागी एमओव्ही किंवा एमओव्हीच्या जागी कपॅसिटर बसलेली मशिनं मी उघडली आहेत. दोन्ही चालू होती. पहिल्या पावसापर्यंत.

आणखी एक खाचखळगा कंपनीच्या नंबरांचा. एपकॉसच्या चकतीवर एस२०के३०० असतं. त्यातला ३०० म्हणजे ती सलग सहन करू शकते ते एसी व्होल्टेज. म्हणजे एस२०के३०० आणि २०डी४७१के ही एकाच पातळीची जोडी, आणि एस२०के२७५ म्हणजे २०डी४३१के. दुकानदार "४७१ नाही, ३०० आहे" म्हणाला तर गोंधळू नका. पण "४३१ घ्या, एकच आहे" म्हणाला तर घेऊ नका.

चौथी पायरी : कोणत्या व्होल्टेजचा घालायचा

पहिला नियम साधा आहे. जो निघाला तोच परत. तोच व्यास, तेच व्होल्टेज. जळून आकडा पुसला गेला असेल तर बोर्डवर भागाच्या शेजारी व्हीआर किंवा आरव्ही लिहिलेल्या दुसऱ्या जागा बघा. बरेचदा तोच एमओव्ही दोन ठिकाणी असतो.

काहीच कळत नसेल तर सलग सहन होणाऱ्या एसी व्होल्टेजवरून निवडा. ४३१ चा एमओव्ही २७५ व्होल्ट एसीपर्यंत, ४७१ चा ३००, ५११ चा ३२०, ५६१ चा ३५०. पुस्तकात २३० व्होल्टला ४३१ पुरतो. पण आपल्याकडे शेतीच्या फीडरजवळची वाडी-वस्ती, रात्री पंप बंद झाल्यावर चढणारं व्होल्टेज, लांबलेली लाईन हे सगळं धरलं तर मी सिंगल फेजला ४३१ घालत नाही. ४७१ माझं नेहमीचं उत्तर, आणि व्होल्टेज २६० च्या वर जातं हे मोजून कळलेल्या जागी ५११. थ्री फेज ४१५ च्या मशिनमध्ये फेज-फेजच्या मध्ये ८२१ चा, म्हणजे ५१० व्होल्ट एसीचा. ७५१ चा ४६० पर्यंतच चालतो आणि ४१५ वर दहा टक्के चढले की आपण ४५६ ला पोहोचतो, म्हणून तो मला काठावरचा वाटतो.

मग सरळ ६८१ घालून टाकला तर? कधी फुटणारच नाही! हा युक्तिवाद मी दर हंगामात ऐकतो आणि दर वेळी तितक्याच कळकळीने त्याला विरोध करतो. २०डी४७१के मधून १०० अँपिअरची उसळी गेली तर टोकांवर सुमारे ७७५ व्होल्ट उरतात. त्यामागचा ब्रिज रेक्टिफायर बऱ्याच मशिनांत १००० व्होल्टचा असतो, म्हणजे मधे जागा आहे. ६८१ ला हाच आकडा ११०० च्याही वर जातो. एमओव्ही शाबूत राहतो आणि ब्रिज जातो, त्यामागून आयजीबीटी. स्वस्त भाग वाचवून महाग भाग जाळण्याचा हा प्रकार आहे.

व्यास वाढवायला मात्र हरकत नाही, जागा असेल तर. १४ मिलिमीटरचा साधारण ४५०० अँपिअरची एक उसळी झेलतो, २० मिलिमीटरचा ६५०० ची. पायांमधलं अंतर १४ ला साडेसात मिलिमीटर आणि २० ला दहा, तेव्हा भोकांत बसतो का ते पाहा. दोन छोटे पॅरललमध्ये लावून मोठ्याची भरपाई होत नाही. ज्याचं व्होल्टेज किंचित कमी, तोच जवळजवळ सगळा भार घेतो आणि आधी जातो.

सामान जळगावात गोलाणी मार्केटला मिळतं, नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतं. बोटांना अगदी पातळ लागणारी, छपाई नखाने निघणारी चकती मी परत करतो.

पाचवी पायरी : काढणं, साफ करणं, बसवणं

जुना एमओव्ही ओढून काढू नका. इनपुटचे तांब्याचे पट्टे रुंद असतात, उष्णता खातात. २५ वॅटच्या आयर्नने तिथे पट्टा उखडतो. ६० वॅटचा घ्या, थोडा ताजा सोल्डर आणि फ्लक्स लावून जुना सैल करा, मग डिसोल्डर पंप.

खरं काम त्यानंतरचं. फुटलेल्या चकतीची काजळी बोर्डवर बसलेली असते आणि ती करंट वाहून नेते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा. घासून पांढरा-हिरवा बोर्ड दिसला तर ठीक. काळा डाग आत उतरला असेल तर तो ब्लेडने खरवडून काढायचा, खड्डा पडला तरी चालेल. तो कोळसा तसाच राहिला तर नव्या एमओव्हीच्या शेजारूनच ठिणगी धावते. आजूबाजूच्या एक्स कपॅसिटरला (फेज-न्यूट्रलच्या मध्ये बसणाऱ्या), वायरच्या इन्सुलेशनला झळ लागलीय का तेही बघा.

बसवताना पाय आखूड ठेवा. एक मीटर तारेत जवळजवळ एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो आणि उसळीचा करंट इतक्या वेगाने चढतो की लांब तारेवरच शेकडो व्होल्ट उभे राहतात. एमओव्ही बरोबर आकड्याचा असूनही त्याचा फायदा त्या तारेत विरतो. काही मशिनांत एमओव्ही थेट स्विचच्या मागच्या टर्मिनलवर लोंबकळत असतो. तिथे पायांवर फायबर स्लीव्ह घाला. चकतीवरही स्लीव्ह चढवा, म्हणजे फुटली तरी तुकडे कंट्रोल कार्डवर उडत नाहीत.

आणि फ्यूज. एमओव्ही शेवटी शॉर्ट होऊनच मरतो, म्हणून त्याच्या आधी फ्यूज हवाच. जिथे फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली सापडते, तिथे बोर्ड कोळसा झालेला असतो. मूळ आकड्याचा फ्यूज घालता येत नसेल तर मशीन परत देऊ नका.

सहावी पायरी : मागचे भाग तपासा

एमओव्ही फुटला म्हणजे उसळी तिथेच थांबली असं नाही. मीटर डायोड रेंजवर ठेवून ब्रिजचे सगळे डायोड बघा. आयजीबीटीच्या कलेक्टर-एमिटरमध्ये आणि गेट-एमिटरमध्ये शॉर्ट नाही ना, गेटवरचे झेनर शाबूत आहेत ना, हे पाहा. सॉफ्ट स्टार्टचा (कपॅसिटर हळूहळू भरू देणारा) पीटीसी किंवा रेझिस्टर आणि त्याच्यासोबतचा रिले पाहायला विसरू नका. प्लग लावताच एमसीबी पडतो अशी तक्रार अनेकदा या रिलेचे पॉइंट चिकटल्याने असते, आणि दोष मात्र बिचाऱ्या एमओव्हीवर येतो.

आउटपुटच्या बाजूला, डायोडच्या हीटसिंकजवळ, रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोड्या असतात. हायफ्रिक्वेन्सी स्टार्टच्या टिग मशिनांत तिथे एमओव्हीही असतो. तोही संरक्षणाचाच भाग आहे. रेझिस्टर उघडा पडला (आतून तुटला) असेल तर आउटपुट डायोड फार दिवस टिकत नाहीत. इथला एमओव्ही इनपुटवाल्यापेक्षा खूप कमी व्होल्टेजचा असतो. इनपुटसाठी आणलेला इथे चुकूनही लावू नका.

जुन्या थायरिस्टर रेक्टिफायर सेटमध्ये कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर छोटा सप्रेसर (उसळी दाबणारा भाग) असतो. २३० व्होल्टच्या कॉइलला ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमची जोडी सर्रास चालते. तो गेला की कॉन्टॅक्टर सुटताना कंट्रोल कार्ड वेड्यासारखं वागतं.

शाबूत एमओव्ही मीटरवर उघडाच दिसतो, मेगाओहमच्या पुढे. पण उघडा दिसला म्हणजे चांगलाच आहे असं नाही. उसळ्या खाऊन त्याचं एक मिलिअँपिअरचं व्होल्टेज मूळ आकड्यापासून दहा टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तर तो बाद. ते मोजायची सोय नसेल आणि मशीन जुनं असेल, तर फुटलेल्याच्या जोडीचा एमओव्हीही बदलून टाका. आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं जास्त व्होल्टेजचं मीटर) लावायचा असेल तर एमओव्ही आधी सोडवा, इलेक्ट्रॉनिक कार्ड वेगळं करा. नाहीतर एमओव्हीच वाहू लागतो आणि इन्सुलेशन खराब असल्यासारखं दिसतं.

सातवी पायरी : सिरीज लॅम्पवर चालू करा

पहिल्यांदा सरळ प्लगला कधीच नाही. १०० किंवा २०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये. चालू करताच बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला, तर कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही. तसाच लख्ख राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मंद झाल्यावर बस व्होल्टेज मोजा. मग बल्ब काढून सरळ लाईनवर लावा, बस ३२५ च्या आसपास आहे का बघा आणि दहा मिनिटं पंखा चालू देऊन मशीन तसंच ठेवा. त्यानंतरच सळी लावून वेल्डिंग.

मशिनबाहेरचं काम

एकाच वर्कशॉपचं मशीन दोनदा आलं, की मी तिथे स्वतः जातो. जवळजवळ नेहमी अर्थिंगमध्ये घोळ सापडतो. तापीकाठची आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो. नेमक्या त्याच दिवसांत वादळं येतात. एप्रिल-मे मध्ये खड्ड्यात नियमित पाणी घालायला सांगा आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्या. वेल्डिंगचा रिटर्न क्लॅम्प कामाच्या तुकड्यावरच लावायला शिकवा. तो लांब शेडच्या खांबाला लावला तर वेल्डिंगचा करंट अर्थिंगच्या तारेतून वाट शोधतो आणि ती तार आतल्या आत जळते. बाहेरून काही दिसत नाही.

तीन-चार मशिनं असतील तर मेन बोर्डवर टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (सगळ्या बोर्डासाठी उसळी झेलणारा भाग) बसवणं परवडतं. त्याचं सलग व्होल्टेज २७५ ऐवजी ३२० असलेला घ्या. जोडणीच्या तारा सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. त्याच्या आधी कंपनीने सांगितलेला फ्यूज किंवा एमसीबी. त्याची कार्ट्रिज खिडकीत हिरवी दिसते तोवर ठीक, लाल झाली की ओढून नवी बसवायची. ती लाल झालेली महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून बोर्ड अशा उंचीवर लावा की रोज शटर उघडताना ती खिडकी नजरेस पडेल.

मशीन परत देताना मी फुटलेला एमओव्ही छोट्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो आणि कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, घातलेला आकडा आणि त्या दिवशी त्यांच्या बोर्डवर मोजलेली तिन्ही फेजची व्होल्टेज लिहितो. पुढच्या वेळी ते कव्हर मी उघडेन किंवा चोपड्याचा दुसरा कोणी कारागीर उघडेल. त्याला सगळं पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.